दोन खाटांची खोली

१२ फेब्रुवारी, बुधवार
टूरच्या ऑफिसात जाऊन आलो, मी न् ऋतू. आत ए.सी. इतका की तिथंच नॉर्वे. जूनअखेरची तारीख धरली. बोटीवर दोन खाटांची खोली, खिडकीवाली. ऋतूला गच्ची असलेली पाहिजे होती. म्हटलं, गच्ची आपल्या घराला आहे, तिथं बस.

फॉर्मवर दोघींचं आडनाव एकच बघून काउंटरवरचा टायवाला म्हणाला, "मम्मी आणि मुलगी! छान." मी हो म्हटलं. सवयच आहे. शाळेत, दवाखान्यात, भाजीवाल्याला, बारा वर्षं सगळीकडं हो म्हणत आलेय.

येताना रिक्षात पोरगी बाहेर बघत म्हणाली, "आत्या, तू हो का म्हणालीस?"
"मग काय त्याला वंशावळ सांगू?"
उद्यापासून भूमितीची उजळणी. माझ्या डोक्याला ताप नको.

१६ फेब्रु., रविवार
पहाटे नळ आला. टाकी, पिंप, बादल्या, घरात होती नव्हती ती पातेली. आता आठवडाभर बघायला नको. ऋतूला उठवलं नाही, परीक्षा तोंडावर आहे.

फ्रिजवर तिनं चित्र चिकटवलंय. दोन्हीकडं काळे उभे कडे, मधून चिंचोळं पाणी. समुद्रच तो, डोंगरात आत शिरलेला. फ्योर्ड म्हणायचं म्हणे. मी म्हटलं, आपल्या किल्ल्याचा खंदक असतो तसं की गं. इतकी हसली! "आत्या, किलोमीटरभर खोल असतं ते. आणि रात्री अकराला पण उजेड." मग दिवा लावायचा कधी, झोपायचं कधी? "झोपायला कोण चाललंय?"

रिटायर झाले तेव्हा मीच बोलून बसले होते, दहावी होऊ दे, म्हणशील तिथं नेते. वाटलं, महाबळेश्वर म्हणेल. फार तर केरळ.

जन्म एस.टी. स्टँडवर, कंट्रोलरच्या चौकीत गेला. दुसऱ्यांच्या गाड्या फलाटावर लावल्या, माईकवर ओरडले, सोडल्या. स्वतः बसले ती करमाडच्या, माहेरच्या गाडीत, तीही सणावाराला.

आणि खरं लिहायचं तर मला कडेबिडे काही बघायचे नाहीत. तिथं आम्हाला ओळखणारं कुणी नाही, म्हणून जायचंय. आठ दिवस ती माझी आणि मी तिची. कुणी विचारणार नाही, ही कुणाची.

२५ फेब्रु.
मराठीचा पेपर बरा गेला.

टायवाल्याचा फोन. व्हिसाला मुलीच्या आईवडलांचं संमतीपत्र लागतं, नोटरी करून. "मॅडम, तुम्ही सोबत आहातच. मिस्टरांची सही आणा." मिस्टर नाहीत म्हटलं. तर म्हणतो, "ओह सॉरी, मग मृत्यूचा दाखला जोडा." अरे बाबा! शेवटी सांगावंच लागलं, मी आत्या आहे.
"मग दत्तकपत्र? कोर्टाची ऑर्डर?"
"नाही."
"मग मुलगी तुमच्याकडं कशी?"

काय सांगू याला? ओटीत घातली म्हणजे घातली. आमच्यात कागद कोण करतं?

ऋतू चार वर्षांची होती. दादाची दोन्ही पोरं हाताशी आलेली, ही उशिराची. सुमन एकटी आहे, शहरात नोकरी आहे, पोरगी शिकेल, असं घरात ठरलं. करमाडला देवापुढं मला पाटावर बसवलं, पदर पसर म्हणाले, आणि पोर उचलून पदरात ठेवली. लग्न केलं नाही म्हणून माझी ओटी कुणी कधी भरलीच नव्हती. खण नाही, नारळ नाही. जन्मात एकदाच काही पडलं ओटीत, ते हे. लई जड होती. उठता येईना मला.

आणि आता हा टायवाला विचारतो, कशी.

२ मार्च, रविवार
करमाडला जाऊन आले, संमतीपत्राचा कागद घेऊन. ऋतूला नेलं नाही, अभ्यास.

दादा ओसरीवर. "सही देतो की. कामून नाही देणार? पोरगी बोटीत बसणार, आपल्या खानदानात कोण बसलं होतं?" खूष दिसला. मग हळूच, "सुमन, एक हाय बघ. जूनपासून आमी बी शेरात यायलोत. जालना रोडचं घर बांधून झालं. जमीन कंपन्यांत गेली, आता इथं राहून काय करायचं? तुमी तिकडून आल्या की पोर घरी."
"घरी म्हणजे?"
"घरी म्हणजे घरी. लई केलंस तू तिचं. आता आमचं बी काही हाय का नाही?"

लई केलंस! जसं काही मी पाहुण्याचं केलं.

वहिनी धपाटे वाढत होत्या. मी निघताना त्यांनी तेवढं विचारलं, "वन्सं, चौकडं पाणीच असतंय का तिथं?"
हो म्हटलं.
"तिला पवता येत नाय."
"बोट गावाएवढी असते, वहिनी. पोहायचं नसतं."
मान हलवली. कागद दादाजवळ ठेवून आले, दोघांनी सह्या करून पाठवायचा.

ऋतूला जूनचं काही बोलले नाही. पेपर होऊ देत.

११ मार्च
आज काय झालं ते लिहावं की नाही.

संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. पोरगी पाठमोरी, फोनवर. पेपरात काय आलं, काय सुटलं, सगळं सांगत होती. शेवटी म्हणाली, "ठेवते आई." वळली, मला बघून दचकली. "वहिनीचा फोन होता," म्हणाली.

माझ्याकडं आल्यापासून ती आईला वहिनी म्हणते. कारण मी म्हणते. बापाला दादा. आमच्याकडं पोरं अशीच मोठ्यांच्या हाका उचलतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. मग आई कधीपासून? किती दिवस माझ्यामागं चाललंय हे?

आईला आई म्हणाली, एवढंच. यात रडण्यासारखं काय आहे? काही नाही. तरी पण सगळी भांडी पुन्हा घासली. घासलेलीच होती.

मला आजवर आत्या सोडून दुसरं काही म्हणाली नाही. तापात पण नाही.

१७ मार्च, सोमवार
शेवटचा पेपर झाला. ठरवलं होतं, आज आइस्क्रीम खाऊ घालायचं आणि मग जूनचं सांगायचं. दुकानात बसलो न बसलो तोच ती म्हणाली, "मला माहितीये. जूनपासून तिकडं. तू कधी सांगणार होतीस, बोटीवर?"
"तुला कुणी सांगितलं?"
"वहिनीनं. तिनं निदान सांगितलं तरी."

मी म्हटलं, तुला जायचंय का? तर पोरीचे डोळे भरले. "मला कुणी विचारतच नाही यार. चार वर्षांची होते तेव्हा नाही, आता पण नाही. तुम्ही आपले इकडून उचलता, तिकडं ठेवता." आसपासचे लोक बघायला लागले. मग नाक पुसत म्हणाली, "आपण वहिनीला पण नेऊ ना. तिनं काहीच बघितलं नाही गं."

माझ्यापुढं वहिनीच म्हणाली. म्हणजे माझी कीव येते तिला. ते लागलं मला, आणि जीभ सुटली. म्हटलं, "मग तिलाच घेऊन जा की! मी कोण आहे?"
आइस्क्रीम तसंच टाकून उठली. घरी दोघी पायी आलो, ती पुढं, मी मागं.

हे आठ दिवस माझे होते. त्यातही वाटा मागते. कुणाला सांगू हे? सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारीला वेड लागलं, आईवर जळते.

२० मार्च
अबोला. पोरगी चहा करून टेबलावर ठेवते आणि खोलीत जाते. चहा मात्र माझ्यासारखा, आलं जास्त.

टायवाल्याला फोन केला. तिसरी खाट? "नाही मॅडम, खोली दोघांचीच. वरच्या-खालच्या खोल्या पण फुल्ल आहेत." नाव बदलता येतं का? "एकदा बदलता येईल. ५ एप्रिलच्या शनिवारपर्यंत सांगा, मग नाही." फोन ठेवल्यावर माझी मलाच चीड आली. मी नाव बदलायचं विचारलंच कशाला?

३१ मार्च, सोमवार
काल पाडवा. गुढी उभारली. ऋतूनं मुकाट्यानं रांगोळी घातली, चांगली होती.

आज दुपारी बेल वाजली. दारात वहिनी, एकट्या! पिशवीत ऋतूसाठी गाठी. बसनं आल्या म्हणे. करमाडहून एकट्या इथं कधी आल्या नव्हत्या. ऋतू मैत्रिणीकडं गेलेली.

कागद काढून दिला. दादाची सही आहे, नोटरीचा शिक्का आहे. आईच्या नावापुढं कोरं.
"वहिनी, तुमची राहिली."
"ऱ्हाऊ द्या."

पाणी दिलं. हातात तांब्या धरून बसल्या, प्यायल्या नाहीत. मग सुरू झाल्या, अगदी हळू. "वन्सं, राग मानू नका. तिला तुमच्या ओटीत घातली ती सासूबाईंनी. मी चुलीपुढं व्हते. सोळा मानसांच्या भाकरी. हात पिठात. मला हाक मारली तवा समदं झालं व्हतं. तुमी पोर घेऊन उभ्या व्हता. मी नमस्कार केला न् परत भाकरीला बसले."

तो दिवस मला तोंडपाठ आहे. माझी साडी कुठली, देवापुढचा दिवा, पोरीच्या पायातले वाळे. आता आठवून बघितलं, वहिनी कुठं होत्या. कुठंच दिसत नाहीत.

"तुमी तिचं सोनं केलं. मी कधी काय बोलले का? नाय. पण एक इचारू?" तांब्या खाली ठेवला. "आई संगं असली तर बी आईची सही लागते का?"

"नाही लागत," म्हटलं.
"पासपोर्ट हाय माझा. थोरल्याकडं दुबईला जायचं म्हणून काढला व्हता. तसाच पडलाय."

खोटं बोलता आलं असतं. लागते म्हणाले असते तर लगेच सही करून गेल्या असत्या.

१ एप्रिल
वहिनी रात्री राहिल्या. हॉलमध्ये दोघी मायलेकी खाली गादी टाकून झोपल्या. ऋतू मोबाइलवर तिला त्या बोटीचे व्हिडिओ दाखवत होती. "हे काय, एवढे लोक एकदम जेवतात?" "हौ ना!" मी आतून ऐकत होते. पोरीचा तो आवाज, काय काय सांगू असं झालेला, तो माझा आहे. शाळेतून चौकीत यायची, माझ्या स्टुलावर बसून असंच सांगत सुटायची. मध्ये गाडी लागली की मी म्हणायचे, थांब गं, आणि माईक धरायचे. वहिनी थांब म्हणत नव्हत्या.

सकाळी ऋतूला सांगितलं, खोलीत दोनच खाटा आहेत, तुझं नाव पक्कं, दुसरं शनिवारपर्यंत द्यायचंय. पोरगी पांढरी पडली.
"मला नको विचारू."
"तूच म्हणालीस ना, कुणी विचारत नाही?"
"हे असलं नाही आत्या! मी कुणाचं नाव घेऊ? तू ठरव." आणि मिठी मारली, इतक्या दिवसांनी. केसांना वहिनींच्या तेलाचा वास येत होता.

२ एप्रिल, बुधवार
वहिनींना स्टँडवर सोडायला गेले. जुना कंडक्टर भेटला, "काय मॅडम, गाडी लावायला आल्या का?" करमाडची फलाटावर लागलेलीच होती. वहिनींना खिडकीची जागा धरून दिली. मी खाली उभी.

त्या खिडकीतून वाकून म्हणाल्या, "वन्सं, तुमीच जावा. मी आपली उगंच बोलले. मला काय समजतंय तिथलं? भाषा नाय, काय नाय."

आता अशा वेळी काय म्हणायचं असतं ते कुणालाही ठाऊक आहे. नाही नाही, असं कसं, तुम्हीच जा, तुमची लेक आहे. खोटं का होईना, म्हणायचं असतं. त्या थांबल्या होत्या माझ्या तोंडाकडं बघत. घाई पण नव्हती. ड्रायव्हर चहाला गेला होता, कंडक्टर तिकिटं फाडत होता. बोलायला लई वेळ होता.

मी म्हटलं, "खिडकी लावून घ्या, धूळ येते."
त्यांनी लावली.

घरी आले तर ऋतू दारातच. "बसली का नीट? काय म्हणाली?"
"तुम्हीच जा म्हणाल्या."
"आणि तू? तू काय म्हणालीस?"

चपला काढल्या, पाणी प्यायले, कुकर लावला, वही घेऊन बसले. हे लिहितेय आणि ती अजून खोलीच्या दारात उभी आहे.