दुसऱ्या अंकातलं पद

२ जानेवारी
माघी उत्सवाच्या संगीत नाटकाचं पात्रवाटप झालं. तीस वर्षं राजा मी. यंदा राजा गौरव. वय सव्वीस, गळ्यात मफलर, आवाज मोबाइलच्या रिंगटोनसारखा. मला राजगुरू दिलाय. राजगुरूला गाणं नाही, नुसती दाढी.

डायरेक्टर कोण, तर माझीच पुतणी मनिषा. शाळेत गणित शिकवते. सगळ्यांदेखत म्हणाली, "आप्पाकाका, दुसऱ्या अंकातलं तुमचं पद कापलंय. ते सुरू झालं की निम्मा मांडव उठून जातो."

जातोच! मालकंस आहे तो. कच्च्या मनाच्या माणसाला बसवत नाही. लोक डोळे पुसत बाहेर जातात, हे मी तीस वर्षं स्टेजवरून बघतोय. (फूटलाइट डोळ्यांवर येतात, त्यामुळे नीट दिसत नाही. पण कलावंताला अंदाज येतो.)

संकल्प : बहिष्कार.

३ जानेवारी
हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "अहो, रडायला जातात तर परत येताना ओठांना चटणी कशी असते?" इतक्या वर्षांचा संसार, पण रसिकता शून्य. आमटीत मीठ जास्त होतं. बोललो नाही. मग बोललो.

४ जानेवारी, पहाटे ५
रियाज सुरू. मला गुरू नाही. रेडिओ ऐकून शिकलो आणि रेडिओने आजवर माझी एकही चूक काढलेली नाही.

संकल्प : दही, लोणचं, गार पाणी आणि मनिषाशी बोलणं बंद.

दुपारी लोणचं. फोड लहान होती.

७ जानेवारी
शेजारचा हरिश्चंद्र आला. त्याची आंब्याची कलमं माझ्या कुंपणाला लागून. म्हणाला, "मोहर फुटलाय रे आप्पा. तुझा आवाज निघाला की वानरं पार पलीकडच्या वाडीत पळतात. रोज पहाटे आमच्या कलमांतच येऊन गात जा."

माणूस लाजरा आहे. एवढ्या गायकाला सरळ बैठकीचं आमंत्रण द्यायला जीभ रेटेना, म्हणून वानरं पुढे केली. होकार दिला. कलमांखाली डास फार.

११ जानेवारी
आले! खिडकीतून दिसलं. मनिषा आणि पेटीवाला सदू. पाय धरायलाच आले असणार. घाईने उपरणं घेतलं, हिला चहा टाकायला सांगितला. तीनदा नाही म्हणायचं आणि चौथ्यांदा विरघळायचं, असं ठरवून बसलो.

त्यांना माझी शिसवी खुर्ची हवी होती. गौरवच्या सिंहासनाला.

म्हटलं, न्यायची तर माझ्यासकट न्या. सदू म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे. प्लास्टिकच्या खुर्चीला सोनेरी कागद लावू." चहा ढोसला, वर पोहे खाल्ले आणि गेले. विरघळायची सवडच दिली नाही.

सदूच्या पेटीत झुरळं होवोत.

१५ जानेवारी
बहिष्कार कडक चाललाय. तालमीकडे ढुंकून बघत नाही. आज देवळावरून तीनदा गेलो, तिन्ही वेळा ढुंकून बघितलं नाही. गौरव गात होता. सुरात होता, पण तो सूर काही मला पटला नाही.

ही म्हणते, "एवढं आहे तर राजगुरू करा की गपचूप. दाढीत ओळखणार कोण?" रात्री जेवलो नाही. नंतर फणसाचे तळलेले गरे खाल्ले, ते जेवणात धरत नाहीत.

१९ जानेवारी
सत्याचा विजय!

रावजी आमच्या उत्सवात चहा-भज्यांचा स्टॉल लावतो. काल भर मिटिंगमध्ये उठून म्हणाला, "आप्पांचं पद पायजे म्हंजे पायजे. नसंल तर मी कढई आणत नाय." सगळे गार. मनिषा म्हणाली, बरं, राजगुरूच्या तोंडी घालू, दहा मिनिटं. रावजी म्हणाला, "दहा मिन्टांत काय होतंय, बाय? वीस तरी ठेव."

ऐकताच उपरणं खांद्यावर टाकलं. असा एक रसिक पुरे. बहिष्कार मागे घेतला. लगोलग जाऊन कळवलं. कोणाला आठवत नव्हता.

आता एकच उरलंय. तीस वर्षांत मला वन्समोअर मिळालेला नाही. कसा मिळेल? द्यायला मांडवात माणूस हवा ना! यंदा मिळवणार. नाही मिळाला तर पुन्हा तोंडाला रंग लावणार नाही. गणपतीची शपथ.

२५ जानेवारी
तालीम. सदूने विचारलं, "आप्पा, पट्टी कुठली?" म्हटलं, काळी चार, नेहमीची. म्हणाला, "ठीक. सुरुवात तिथनं करू, शेवट तुम्ही सापडाल तिथं."

सगळे हसले. गौरव सर्वांत जास्त. ज्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट आहे, त्याने हसू नये. मनिषा म्हणाली, "काका, रागावू नका, रागावलं की तुमचा निषाद चढतो." गणिताच्या बाईला निषाद!

एकेकाला बघून घेईन. वन्समोअर मिळू दे.

२ फेब्रुवारी
काल नाटक झालं.

मनिषाने फूटलाइट काढून वर एलईडी टांगले होते. जन्मात पहिल्यांदा मला मांडव शेवटच्या रांगेपर्यंत दिसला.

दुसरा अंक. मी सा लावला. लोक उठले. डोळे कोणीच पुसत नव्हतं. सगळे मागे रावजीच्या कढईपुढे रांगेत. हरिश्चंद्र दोन प्लेटा घेऊन येत होता. पहिल्या रांगेतली ही, तीही पदर खोचून रांगेत. आमदारांसाठी ठेवलेला सोफासुद्धा उठून गेल्यासारखा वाटला.

मालकंस कसाबसा गुंडाळला. वीस मिनिटांचं पद सहा मिनिटांत. शपथ आठवली. म्हटलं संपलं, आता दाढी उतरवून घरी. हात दाढीला लागला, तोच आवाज आला.

वन्समोअर!

रावजी होता. हातात झारा. "आप्पा, वन्समोअर! एवढ्यात काय थांबताव? दुसरा घाणा कढईत हाय, निम्मी मान्सं उपाशी हायत!" मग रांगेतून दहा-बारा आवाज उठले, वन्समोअर, वन्समोअर. त्यात एक हिचा. स्पष्ट ओळखला.

सदूने मला न विचारताच सूर धरला.

वन्समोअर कोणी द्यायचा आणि कशासाठी, हे शपथेत आलं नव्हतं. गायलो. या खेपेला सावकाश. कांदाभजी आतपर्यंत शिजायला वेळ लागतो.