सासूबाईंना पिल्लं झाली तर

१२ जून

फान्स आला, आपल्या अजगराला, जनरलला, उशीच्या अभ्र्यात घालून. आमच्या सापवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, टायरच्या दुकानाचा मालक आणि अख्ख्या ब्राकपानच्या अजगरांचा स्वयंघोषित बाप! दारातच विचारलं, "टॅनी रोनेल, साप उचलायला कुणी पुरुष माणूस आहे का घरात?" टॅनी म्हणे! पंचेचाळिशीचा घोडा मला काकू म्हणतो. माझा नवरा वेसल जाऊन तीन वर्षं झाली हे त्याला चांगलं ठाऊक आहे. शवपेटीला खांदा दिला होता त्याने. साप जेमतेम दीड मीटरचा. एका हाताने उचलला.

बोली नेहमीचीच — अर्धेलीने. नर त्याचा, मादी माझी, पिल्लं निम्मी-निम्मी, पहिली निवड मादीवाल्याची. जनरलला सळई लावून पाहिलंय का, विचारलं. शेपटीच्या मुळाशी बोथट सळई सारायची. मादीत लगेच अडते, नरात खोल जाते. याहून सोपी परीक्षा नाही. पण फान्स असा बघायला लागला की जणू मी त्याचीच विजार उतरवायला सांगितली! "शेपटीजवळच्या नखुल्या बघा त्याच्या, टॅनी! कोंबड्याला नसतील अशा. असल्या नराला सळई लावायची म्हणजे अपमान." अध्यक्षांचा नर तपासायचा नाही, हा मंडळाचा न लिहिलेला कायदा. सळई परत खणात टाकली.

माझी मादी मॅग्रिएता. अंगोलन अजगर, अंगभर मण्यांसारखे खवले. मंडळात असले दोनच, दुसरा जनरल. नामिबियाच्या एका माणसाने "मादी आहे" म्हणून दिली आणि वेसलने तिला आपल्या मेलेल्या आईचं नाव ठेवलं. तेच बारीक डोळे, कशानेच खूश न होण्याची तीच खोड. मी तिला सासूबाई म्हणते. सासूबाईंना सळई लावायची माझी छाती नाही!

१४ जून

एल्मारीचा फोन. लेक जॉर्जला राहते, समुद्राजवळ, फाटकावर पहारा असलेल्या वसाहतीत. तिथे मांजर पाळायलासुद्धा बंदी. "मा, त्या सापांबरोबर एकटी किती दिवस काढणार? तुझी खोली रंगवायला घेऊ?" रोज तेच, रोज तेच. रागाच्या भरात बोलून बसले — या मोसमात सासूबाईंना पिल्लं झाली तर मी इथेच मरेन. नाही झाली तर घर विकून नाताळपर्यंत तुझ्याकडे.

"शब्द?"

"शब्द."

फोन ठेवला. मला जॉर्जला जायचं नाही. तिथे माणसं संध्याकाळी फिरतात आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात.

२ जुलै

अंगणात दव गोठलंय. दोघांना एका पेटीत सोडलं. नुसती एकमेकांत गुंतून पडलीत. आदळआपट नाही, फुसफुस नाही. याला काय संसार म्हणायचा?

आधीचे दोन नर काय तडफेचे होते! प्रिटोरियाचा तर सासूबाईंना असे पिळे घालून भिडला की पेटीचं झाकण उडालं. केप टाउनचाही तसाच. धुमाकूळ केवढा, आणि अंडं एक नाही! दोघांच्या मालकांना मी चारचौघांत सुनावलं होतं, "बडा घर पोकळ वासा! दोष तुमच्या नरात आहे." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. खरं बोललं की सख्ख्या आईला राग.

२८ ऑगस्ट

जनरल उंदराला तोंड लावत नाही. तरी पोट सुटलंय — अगदी मालकासारखं! दिवसभर दिव्याखाली उताणा लोळतो. फान्सला कळवलं तर म्हणतो, "प्रेमात पडलाय हो, टॅनी!" सासूबाई मात्र सडसडीत. कसली अंडी आणि कसलं काय.

२० सप्टेंबर

एल्मारीने रंगाचे दोन नमुने पाठवले. एक 'समुद्री धुकं', एक 'ओली वाळू'. दोन्ही राखाडीच.

१४ ऑक्टोबर

अंडी! पाच!!

आणि त्यांच्याभोवती वेटोळं घालून कोण बसलंय? जनरल! पोट सपाट, कातडी लोंबतेय, मी हात पुढे केला तर फुत्कार. सासूबाई पाण्याच्या भांड्यामागे, तोंड फिरवून.

मी जमिनीवर बसून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. फान्सचा जनरल बाई आहे! डर्बनला पाठवला, ब्लूमफाँटेनला पाठवला, आणि जिथे पाठवला तिथल्या मादीला वांझ ठरवून परत आणला. आता घे! कोंबड्याच्या नखुल्या!

अंड्यांच्या माथ्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. अजगराचं अंडं उलटं झालं की आतला जीव जातो. मग उबेच्या पेटीत ठेवली. सगळं सवयीने. दोन बायकांच्या संसारात जीव कुठून यायचा?

१५ ऑक्टोबर

फान्सला फोन. म्हणाला, "टॅनी, तुम्ही साप बदललात." मी म्हटलं, ये आणि बघ. आला नाही. तासाभराने त्याचाच फोन — "अंडी मॅग्रिएताचीच आहेत. जनरल नुसता राखण करतोय. काही नर असतात असे सभ्य." सभ्य! याच्या बायकोला विचारायला हवं, पोरं झाली तेव्हा हा कुठे राखण करत होता.

टायरचं दुकान गमवील, पण जनरल बाई आहे हे कबूल करणार नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीला कुकसिस्टर तळून नेणार आहे मी. पाकात बुडवून, सगळ्यांना पुरतील इतके.

१७ ऑक्टोबर

एल्मारीला सगळं सांगितलं, हसत हसत. ती हसली नाही. "म्हणजे अंडी मॅग्रिएताची नाहीत."

"नाहीत."

"मग मा, शब्द."

दुसऱ्याची फजिती बघण्याच्या नादात आपण शब्द हरलोय, हे माझ्या टाळक्यातच आलं नव्हतं! शब्द म्हणजे शब्द. पोरीला मीच तसं शिकवलं.

वेसलचे कोट खोक्यात भरले. रडले. सापांसाठी नाही, स्वयंपाकघराच्या या खिडकीसाठी. इथून त्याची बाभूळ दिसते.

२० ऑक्टोबर

संध्याकाळी वीज गेली. नेहमीचंच. म्हटलं, उबेची पेटी तशीही थंड होणार, पोकळ अंडी फेकून देऊ. एका हातात विजेरी, दुसऱ्या हाताने पहिलं अंडं उचलायला गेले. उजेड आरपार गेला आणि आत लाल शिरा दिसल्या.

पाचही अंड्यांत. जिवंत!

गरम पाण्याच्या पिशव्या भरल्या, पेटीवर वेसलचा कोट टाकला. फान्सला फोन केल्यावाचून राहवलं नाही. तो खिदळला. "दोन्ही बायका ना, टॅनी? मग बाप कोण? पवित्र आत्मा?"

फोन आपटला. पण मेल्याने प्रश्न बरोबर विचारला होता.

वीज आली. सासूबाई भांड्यामागून माझ्याकडे बघताहेत. तेच बारीक डोळे.

२१ ऑक्टोबर

सासूबाईंना सळई लावली. आत गेली. जातच राहिली.

प्रिटोरियाच्या माणसाची माफी मागायची आहे. केप टाउनच्याही. पहिली निवड मादीवाल्याची — म्हणजे फान्सची! कुकसिस्टर आता मलाच गिळावे लागणार.

पण आधी एल्मारीला कळवलं. रंग परत कर. सासूबाई बाप होणार आहेत.