विहीर जागेवर आहे, मामा

इनामगाव,
२० सप्टेंबर २००५

तीर्थस्वरूप मामा यांस,

जावई म्हाळूचा पायावर डोकं ठेवून दंडवत. इकडे मी, म्हैस आणि विहीर असे तिघंही खुशाल आहोत. विहिरीचं नाव मुद्दाम घेतलं, कारण ती अजून आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? फोनच करणार होतो, दोनदा केलाही, पण दोन्ही वेळा अनसानं उचलला आणि माझा ‘हॅलो’ अर्धा असतानाच ठेवला. (लाइन खराब असेल.) म्हणून पत्र. एक विनंती आहे. तुम्ही कारखान्याच्या काट्यावर चोवीस वर्षं गाड्यांचे नंबर पुकारलेत, त्यामुळं तुम्ही पत्र वाचायला घेतलं की सगळ्या आळीला ऐकू जातं. हे पत्र तेवढं ओसरीवर बसून मनातल्या मनात वाचावं.

तुमची लेक अनसा ज्येष्ठात पाटसला निघून आली ती कशावरून, हे तुम्हाला तिच्या बाजूनं कळलंच असेल. माझ्या बाजूनं असं आहे की घोडनदी दर पावसाळ्यात आमच्या रानाचा काठ खाते, त्याला मी काय करणार? लग्न झालं त्या वर्षी आम्ही दोघांनी विहीर खणली, तेव्हा ती काठापासून पुष्कळ आत होती. पण अनसाला मोजायची खोड. दर दसऱ्याला, सोनं वाटायच्या आधी, ती विहिरीच्या कडेपासून नदीच्या काठापर्यंत पावलं टाकते आणि आकडा मला ऐकवते. एकोणीस, मग चौदा, आणि गेल्या दसऱ्याला नऊ. नऊ ऐकून मी म्हणालो की नऊ पुष्कळ झाली. तिथून तिनं अबोला धरला, आणि यंदा आभाळ भरून आल्यावर ती म्हणाली, “ईर गंगंला जाताना बघायला म्या हितं थांबायची न्हाई.” आणि पिशवी उचलून एसटीनं निघून आली. गावानं मला आळशी ठरवलं. तुम्हीही ठरवलं असेल, पण मोठ्या माणसाला मी काय बोलणार?

आता खरी हकीकत ऐका. गेल्या वर्षी मिरगाच्या तोंडावर माझा चुलतभाऊ शंभू कोकणातून मेंढरं घेऊन परत आला. (आपल्या भावकीत मेंढरं सांभाळणारा तेवढाच उरलाय.) लेंडीखत मिळावं म्हणून मी त्याचा कळप चार रात्री रानात बसवला. रात्री मेंढरं काठावरून खाली जाऊ नयेत म्हणून काठाच्या उतारावरच वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, बांधायची ठरली. वाघूर बांधायला वाळलेल्या बाभळीचे खुंट लागतात हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बाभळीचे खुंट घरी आणि घर अर्धा मैल लांब. निरगुडी मात्र हाताशी होती. तेव्हा ओल्या निरगुडीचेच साठ-सत्तर खुंट तोडून मी उतारावर दोन रांगांत ठोकले, आणि खालून बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. माझी कंबर त्या आठवड्यात धरली होती, तरी ठोकले. शंभू हसून गडाबडा लोळला. बिरोबाच्या सगळ्या लेकरांत ओला खुंट ठोकणारा मीच पहिला, असं त्याचं म्हणणं पडलं.

चार रात्रींनी मेंढरं गेली, जाळीही गेली. खुंट उपटून फांद्या जाळायला हव्या होत्या. अनसा रोज सांगायची आणि मी रोज उद्या म्हणायचो. मामा, त्या उद्यावरच आज विहीर उभी आहे. पावसाळा झाला आणि खुंटांना पालवी फुटली. निरगुडीला गाय तोंड लावत नाही की शेळी, त्यामुळं राखण नको, कुंपण नको आणि पाणी तर नदीच घालणार. वर्षात छातीएवढी झाडी झाली. कोसळलेला काठ खोऱ्यानं तासून सरळ उभा कर, असं चारचौघांनी सांगितलं होतं. तेही मी केलं नाही. उतार होता तसा राहिला आणि त्यावर हरळी पसरली. एवढं सगळं काम मी न करून केलं.

आमच्या वरच्या अंगाला चांगदेवरावांचं रान आहे. सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांनी याच उन्हाळ्यात तीस माणसं महिनाभर लावून काठाला दगडी भिंत घातली. भिंतीला हार, नारळ, पेढे. पेढा देताना मला म्हणाले, “म्हाळू, जरा हातपाय हालवत जा.” मग ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं. दोन दिवस नदी कानावर हात ठेवावा अशी वाजत होती. पाण्यानं भिंतीला पुढून हातच लावला नाही, बाजूनं शिरून मागची माती काढली आणि भिंत नारळाच्या शेंडीसकट पुढं निजवली. आमच्याकडं आलं तेव्हा निरगुडी वाकली. पाणी तिच्या डोक्यावरून गेलं, आणि उतरल्यावर ती पुन्हा उठून उभी राहिली, शिवाय काटेरी फांद्यांत ढोपरभर गाळ अडकवून. चांगदेवरावांची भिंत पडली म्हणून मला वाईट वाटलं असं लिहिणार होतो, पण तुमच्याशी खोटं कसं बोलू? मी घरी येऊन शिरा केला आणि एकट्यानं खाल्ला.

पुढं तालुक्याचे शेतकी साहेब कॅमेरा घेऊन आले. ही कोणती पद्धत, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कमी कष्टाची. त्यांनी वहीत लिहून घेतलं. ‘प्रयोगशील शेतकरी’ हा शब्द त्यांचा, माझा नाही. मग गेल्या सोमवारी काठावर चाळीस शेतकरी जमवून मला खुंट ठोकून दाखवायला लावलं. मी ठोकला. टाळ्या पडणार एवढ्यात मागून तानुबाई म्हातारी ओरडली, “आरं म्हाळू, शेंडा खाली घातलास की! उलटा खुंट फुटंल व्हय कवा?” मी लगेच सांगितलं की लक्ष कुणाचं आहे ते बघत होतो. साहेबांनी तेही लिहून घेतलं. दसऱ्याला ग्रामपंचायतीत माझा सत्कार आहे, शाल आणि श्रीफळ. चांगदेवराव माझ्याकडून निरगुडीच्या फांद्या मागून न्यायला लागलेत. तर मामा, जावई काही अगदीच वाया गेलेला नाही, एवढंच कळवायचं होतं. मामींना नमस्कार, लहानथोरांना यथायोग्य.

तुमचा,
म्हाळू

ता. क. : सत्काराला तुम्ही आणि मामी याच. सोबत आणखी कुणी येत असेल तर गाडीत जागा ठेवावी.

ता. क. : इथून पुढचं मात्र मोठ्यानं वाचा, काट्यावरच्या आवाजात, आत चुलीपर्यंत जाईल असं. ते खुंट मी ठोकले नव्हते. माझी कंबर धरली होती, मी बांधावर पडून होतो. निरगुडी अनसानं तोडली आणि सत्तरच्या सत्तर खुंट तिनंच ठोकले, शेंडा वर ठेवून. शंभू हसला तो तिला, आणि मीही हसलो होतो. मी फक्त ते उपटले नाहीत. साहेबांना काल सगळं सांगून आलो. त्यांनी वहीतलं माझं नाव खोडून तिचं लिहिलंय. शाल तिची आहे.

ता. क. : पूर उतरल्यावर विहिरीपासून काठापर्यंत मी पावलं टाकली. गाळ धरून अकरा भरली. पण माझी पावलं तिच्यापेक्षा लांब पडतात, तेव्हा हा आकडा मी धरत नाही. खरा किती तो दसऱ्याला तिनंच येऊन सांगावा. मी तोवर विहिरीवरच बसून आहे.