आक्काच्या पट्टीतलं पाचट

माधवनगर,
१० एप्रिल १९७६

चि. नाथाजीस,
आक्काचे अनेक आशीर्वाद. आमी खुशाल. तुझे दाजी दुसऱ्या पाळीला गिरणीत जातात, तुझ्या भाचीचं, विजयमालाचं कॉलेज चाललंय.

आता रागाचं लिहिते. आपल्या गावचा गुंडा इथं बाजाराला आला होता. ऊस तुटल्यावर गवत मरावं म्हणून तू उसाचं औषध सगळ्या रानात मारलंस, तेबी दुप्पट, असं म्हणाला. माझ्या चोळीबांगडीच्या पट्टीतसुद्धा? आबांनी ती माझ्यासाठी राखली. तिथल्या शेंगा दरसाल येतात म्हणून मला माहेर हाय असं वाटतं. आई गेल्यावर दुसरं काय उरलंय रं? यंदा तिथं भुईमूग उभा राहिला न्हाई, तर मी पंचमीला माहेरी पाऊल टाकणार न्हाई, सांगून ठेवते.

रागावले तरी माया आटली न्हाई, तूबी आटू देऊ नकोस.
तुझी आक्का, चंद्राबाई


मळा, ता. कराड,
१८ एप्रिल

ती. आक्कास,
नाथाजीचा शि. सा. नमस्कार. पत्र वाचून घास गोड लागंना. फौजेतली सवय, एक सांगितलं की डबल करायचं, ती इथं नडली. उसाला औषध बाधत न्हाई, मग भुईमुगाला काय करतंय, असं धरून चाललो. चुकलो.

पर एक ऐक. माझ्या रानातलं तुटल्या उसाच्या वाळक्या पाल्याचं पाचट मी पेटवलं, तुझ्या पट्टीला काडी लावली न्हाई. बहिणीच्या वाट्यात तिच्या माघारी आग लावायची न्हाई, हा आबांचा शब्द मोडला न्हाई. औषध तेवढं पाचटावरनं मारलं. आता पाटाचं पाणी मुरून ते कुजतंय. तुझी भावजय लीला वासानं नाक मुरडते आणि म्हणते, वन्संचा राग बरा, हे नको!

दाजींना रामराम. या धाकट्या भावावर नजर असू दे.
नाथाजी


मळा,
१० जुलै

ती. आक्कास,
शि. सा. नमस्कार. दोन्हीकडं एकाच दिवशी, एकच बी टोकलं. माझा भुईमूग उगवला आणि पिवळा पडला, पानांच्या कडा करपल्या. तुझी पट्टी हिरवीगार! बांधावर उभा राहिलो आणि लय रडू आलं बघ. शेजारच्या रानातला कोंडीबा म्हणतो, तू बहिणीच्या रानात औषध मारलंच नसशील. आईशपथ, एकाच पंपानं मारलं. विजयमालाला विचार, हे कसं झालं.

उत्तराची वाट बघणारा,
नाथाजी


माधवनगर,
१८ जुलै

चि. नाथाजीस,
अनेक आशीर्वाद. विजयमालानं कॉलेजातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, कुजत्या पाचटाखालच्या ओल्या मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव लय वाढतात. पाचट खाता खाता ते औषधाचीबी मोडतोड करतात आणि त्याचा जोर संपतो. तू पाचट जाळलंस, त्यांचा चाराच गेला. ओल न्हाई, सावली न्हाई, मग औषध तसंच बसून राहिलं. औषध बेतानं मारायचं, असंबी सर म्हणाले. डबल न्हाई, हवालदार!

तुझं पीक गेलं म्हणून जीव हळहळला. माझ्या पट्टीतल्या शेंगा यंदा निम्म्या तुझ्या घरात राहू देत, लीलाला सांग. पंचमीला येते.

आणि पुढच्या साली ऊस तुटला की सगळं रान माझंच हाय असं समज. म्हणजे काडीपेटीला हात जाणार न्हाई.

माहेरची वाट मोकळी ठेव.
तुझी आक्का