अर्धी कळशी

मास्तर, माझ्या नव्या रेकॉर्डच्या कव्हरसाठी चार ओळी द्या म्हणून स्टुडिओतली मुलगी मागे लागली आहे, आणि मी तिच्याऐवजी तुम्हाला लिहायला बसले. या वयात जॅझ वाजवणाऱ्या बाईने वर लिहायचं तरी काय? तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होत आली. तुमच्या बाळकुममध्ये आता इमारतीच इमारती आहेत, स्टुडिओही त्यातल्याच एकीच्या तळघरात आहे. रेकॉर्डच्या शेवटी मी तुमच्या बँडची ती चाल घेतली, लग्नघरच्या बायका विहिरीवर विधीचं, उंबराचं पाणी आणायला निघायच्या तेव्हाची. तीच नेमकी अंगाशी आली. माझ्या डाव्या हाताची अनामिका हल्ली वाकली की अडकून बसते, दुसऱ्या हाताने ओढल्याशिवाय सरळ होत नाही. नौपाड्यातले डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात, पुढे वाजवता येईल याची खात्री देत नाहीत. मी मनाशी ठरवलं होतं, ही चाल सलग वाजली तर ठीक, नाहीतर पियानोचं झाकण कायमचं बंद. दोनदा वाजवली, दोन्हीदा बोट एकाच जागी अडकलं. काचेपलीकडून ती मुलगी म्हणाली, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. तेवढा पीस मी दुसरीकडून उचलून लावते, कोणाला कळणारपण नाही." डोंबिवलीची आहे, कामात वाघ. मी मात्र म्हटलं, आणखी एकदा.

तुम्हाला ते लग्न आठवत असेल. मी कॉलेजातली पोर, नौपाड्यातल्या पेटी वाजवणाऱ्या घरातली, गळ्यात तुमचा अ‍ॅकॉर्डियन. बायका विहिरीपाशी पोचतात, तुम्ही हात वर करता, बाजा थांबतो. कळशी भरून डोक्यावर चढेपर्यंत एक सूर काढायचा नाही, हा तुमच्या बँडचा नियम. पण मला कुठला दम निघतोय. तुमच्याच घरी ऐकलेलं जॅझ बोटांत शिवशिवत होतं. मी वाजवलं. बाजा सुरू झाला म्हणजे निघायचं, म्हणून बायका निघाल्या, आणि नवरदेवाच्या आत्याच्या डोक्यावर अर्धीच कळशी. माघारी फिरायचं नसतं, त्यामुळे आत्या ती तशीच घेऊन घरी गेली. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "हुशार हाय गं तू. पन तिला पानी तं भरू दे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या लग्नालाही तुम्ही मलाच बोलावलंत.

तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हाही बोट तिथेच अडकलं. मी थांबले. बेसवाला माझ्याकडे बघतोय, ड्रमवाल्याच्या काड्या हवेतच, आणि मी पियानोआड उजव्या हाताने बोट ओढतेय, ते हलत नाही. शेवटी एकदाचं कट्‌कन सुटलं. मी चाल उचलली आणि शेवटपर्यंत नेली. बाहेर आले तर ती मुलगी डोळे पुसत होती. "मॅडम, काय थांबलात तुम्ही. कुठून सुचलं?" मी तिला विहीर सांगितली, कळशी सांगितली, आत्यासुद्धा सांगितली. ती म्हणाली, "मग हेच लिहून द्या ना कव्हरवर."

देईन तिला चार ओळी. हा कागद मात्र पियानोच्या स्टुलात राहील, झाकण अजून उघडंच आहे. कारण तुमच्याशी खोटं बोलवत नाही, मास्तर. त्या क्षणी मला विहीर आठवली नव्हती, तुम्हीही नाही. मी फक्त बोटाला म्हणत होते, सूट रे बाबा, सगळे बघतायत.