इंजिनाचं निदान मीच केलं

मंगळवार, ३ जानेवारी
बाबांना डायलिसिसला नेताना टेंपरेचरचा काटा लाल रेषेला टेकला. बाबा म्हणाले, जळका वास येतोय. मी म्हटलं, पुढच्या ट्रकचा. परतताना बॉनेटमधून वाफ. पाणी ओतलं, घरी आलो. किरकोळ. गाडी बारा वर्षं माझ्या हाताखाली आहे, तिची नाडी मला कळते.

बुधवार, ४ जानेवारी
मेकॅनिकने रेडिएटरमध्ये डोकावलं, ऑइलची कांडी काढून पाहिली आणि म्हणाला, हेड गॅस्केट गेलंय, पाणी ऑइलमध्ये उतरतंय, गाडी इथेच ठेवा, चालवू नका. पाच मिनिटांत निदान! शुद्ध थापा. गाडी परत आणली.
माझं निदान: थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची झडप, अडकलीय. व्हिडिओत अगदी हेच लक्षण होतं.
ही म्हणाली, शुक्रवारी बाबांना टॅक्सीने नेऊ. मी म्हटलं, दारात गाडी असताना?

गुरुवार, ५ जानेवारी, सकाळी ११
वेळ वाचावा म्हणून रेडिएटरचं झाकण गरम असतानाच उघडलं. डावा हात कोपरापर्यंत भाजला. उजवा शाबूत. मलम लावून झाल्यावर ही टॅक्सीचा नंबर शोधत बसली. बहुधा काळजी.

शुक्रवार, ६ जानेवारी
थर्मोस्टॅट काढूनच टाकला. काटा अर्ध्यावर! जाऊन-येऊन फक्त दोनदा पाणी घालावं लागलं. मागून पांढरा धूर. थंडीचे दिवस, चालायचंच. बाबांनी विचारलं, खाली थेंब नाही, मग पाणी जातं कुठे? प्रश्न चांगला आहे. सवडीने बघू.

रविवार, ८ जानेवारी
ऑइल पांढरट, फेसाळ. हवेतला दमटपणा. काटा गल्लीच्या टोकालाच लाल. दुपारभर डोकं खाजवलं आणि उलगडा झाला: बिघाड इंजिनात नाहीच, काट्यात आहे. त्याची वायर काढली. काटा शून्यावर. किती शांत वाटलं!

सोमवार, ९ जानेवारी
ही उद्यासाठी टॅक्सी सांगत होती. फोन हातातून घेतला. आवाज जरा चढला माझा. बाबा आतून म्हणाले, भांडू नका, मी त्याच्याच गाडीने जातो.
बाबांचा विश्वास आहे.

मंगळवार, १० जानेवारी
उड्डाणपुलावर गाडी गचके देत बंद पडली. चावी फिरवली, इंजिन हलेना. मागे हॉर्नचा कल्लोळ. एकही टॅक्सी थांबेना. बाबांना कठड्याला धरून खाली उतरवलं. दर वीस पावलांवर ते थांबत होते. मी म्हणत होतो, पाचच मिनिटं.
पोचलो तेव्हा त्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. सिस्टर म्हणाली, दोन तास उशीर झालाय, उद्या सकाळी या.
संध्याकाळी बाबांना दम लागला. आडवं पडता येईना. ॲम्ब्युलन्स हिने बोलावली. ॲडमिट.

गुरुवार, १२ जानेवारी
गाडी पुलावरून ओढून त्याच मेकॅनिककडे टाकली होती. त्याचा फोन. इंजिन सीझ, पार जाम. त्या दिवशी ठेवली असती तर गॅस्केटवर भागलं असतं, म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही नीट समजावून सांगायला हवं होतं. त्याने फोन ठेवला. मग मीही.

शनिवार, १४ जानेवारी
बाबांना डिस्चार्ज. धोका टळला.
निघताना सिस्टरने पुढच्या तारखांचा कागद भरला. पेशंटला कोण आणणार, असं विचारलं. मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, सून. मी म्हटलं, बाबा, मी टॅक्सी आणेन ना वेळेवर. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, तू घरी थांब.
टॅक्सीत तिघांना जागा होती. मी मागून बसने आलो.