लिफाफ्यावरचे डॉक्टर

तीर्थस्वरूप आत्या,

भाच्याचा वाकून नमस्कार. (आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग आठवलं की तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहितात, बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. म्हणून तो कागद फाडला. मग वाटलं, तू मला आईसारखीच, तीर्थस्वरूप वाचून तुला परकं केल्यासारखं वाटेल. म्हणून दुसराही फाडला. हा तिसरा कागद. आता काय व्हायचं ते होवो.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कठड्याला धरावं लागतं का? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत जा. इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे ही ठीक आहे, धाकटीचे पुढचे दोन दात पडले पण ती ठीक आहे, मी मात्र गेले तीन आठवडे ठीक नाही. जेवण घशाखाली उतरत नाही. दारावर टकटक झाली की मी आधी न्हाणीघरात जाऊन कडी लावतो आणि मग आतून विचारतो, कोण आहे. गेल्या रविवारी दूधवाला होता. त्यानं हिला विचारलं म्हणे, साहेबांना काही झालंय का.

झालंय ते असं. वनस्पती संशोधन संस्थेत मी पत्रव्यवहार साहाय्यक म्हणून लागलो हे तुला माहीतच आहे. संचालकांच्या नावानं जाणारी पत्रं लिहायची, लिफाफ्यांवर पत्ते घालायचे, एवढंच काम. पहिलं वर्ष कच्चं असतं. वर्षाअखेरीस विभागप्रमुखानं शेरा लिहिला तर माणूस कायम होतो, नाही लिहिला तर घरी जातो. आता माझा विभाग कुठला म्हणशील, तर शेवाळ. (माझा शेवाळाशी काही संबंध नाही. त्या विभागात एक जागा रिकामी होती म्हणून कागदोपत्री मला तिथे बसवलं आहे.) म्हणजे माझा शेरा लिहिणार शेवाळ विभागाचे प्रमुख. भिंतींवर उगवणाऱ्या शेवाळाचा एवढा जाणकार दुसरा नाही असं म्हणतात. त्यांना सगळे मागे शेवाळसर म्हणतात आणि पुढे नुसतं सर. उंच, वाळके, कमी बोलणारे. माझ्याकडे त्यांनी अकरा महिन्यांत दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा माझ्या मागच्या भिंतीकडे पाहत होते.

तर वार्षिक सभेची निमंत्रणं काढायची होती. यादीत एक्केचाळीस नावं. चाळीस जण डॉक्टर. म्हणजे पदवीचे डॉक्टर, औषधांचे नव्हेत. मी सकाळपासून लिफाफ्यांवर 'माननीय डॉ.', 'माननीय डॉ.' लिहीत होतो. पस्तिसाव्या लिफाफ्यापर्यंत हात आपोआप चालायला लागला होता आणि उसने पैसे मागणाऱ्या हिच्या भावाला कुठलं उत्तर द्यावं याचा विचार मी करत होतो. एक्केचाळिसावं नाव शेवाळसरांचं. ते त्या वेळी रजेवर होते, कारण एका जुन्या भिंतीचं शेवाळ खरवडायला चढले आणि त्याच शेवाळावरून घसरून पाय मोडून घेतला. म्हणून त्यांचं निमंत्रण टपालानं घरी पाठवायचं होतं. त्यावरही मी 'माननीय डॉ.' लिहिलं. आतल्या पत्रातही लिहिलं. संचालक गठ्ठ्यानं सह्या करतात, त्यांनी केली. टपाल गेलं. मी निवांत डबा खाल्ला. आत्या, तो माझा शेवटचा निवांत डबा.

सहाव्या दिवशी आमचा शिपाई जावक वहीवरून बोट फिरवत होता, ते मध्येच थांबलं. त्यानं दार लोटून घेतलं (तो कधीही दार लोटत नाही, त्याला सगळीकडचं ऐकू यावं लागतं) आणि मला हळूच विचारलं की सरांना डॉक्टर तुम्ही लिहिलंत का. मग त्यानं सांगितलं. सरांचा प्रबंध गेली एकोणीस वर्षं चालू आहे. त्यांचे दोन मार्गदर्शक निवृत्त झाले, तिसरे वारले. बरोबरचे सगळे डॉक्टर झाले, हाताखालचे झाले, ज्यांना सरांनी शेवाळ ओळखायला शिकवलं तेही झाले. सर राहिले. संस्थेत हा विषय कोणी काढत नाही. माझ्या आधीच्या एका साहाय्यकानं एकदा, नुसता गमतीनं, चहा पिताना विचारलं होतं की सर, आम्ही तुम्हाला डॉक्टर कधी म्हणायचं. पुढच्या सोमवारी त्याची तळघरात बियाण्यांच्या डब्यांवर बदली झाली. त्याला आठ वर्षं झाली. मी त्याला ओळखत होतो, फक्त तो तळघरात का हे ठाऊक नव्हतं. दुपारी तो अंगणात येतो आणि उन्हात डोळे मिचकावत उभा राहतो.

ज्या माणसाच्या शेऱ्यावर माझं पोट अवलंबून, त्याच्या दुखऱ्या जागी मी संस्थेचा शिक्का मारून, संचालकांच्या सहीनिशी बोट ठेवलं होतं. मी आधी टपालखोलीत धावलो. पत्र कधीच गेलेलं. मग दुरुस्तीचं पत्र लिहायला बसलो. 'आपण डॉक्टर नसताना आपल्याला डॉक्टर संबोधले गेले' असं लिहिलं आणि वाचून माझाच मला घाम फुटला. 'सदर पत्रातील डॉक्टर हा शब्द वगळून वाचावा' असं लिहिलं, ते जखमेवर मीठ लावल्यासारखं झालं. 'आपण लवकरच व्हाल अशी आशा आहे' हे तर मी लिहिता लिहिता कागद गिळायच्या बेतात आलो होतो. (हिचं म्हणणं होतं की काहीच करू नका, त्यांच्या लक्षातही आलं नसेल. ज्या माणसाला भिंतीवरच्या हिरव्या डागात चौदा जाती दिसतात, त्याला स्वतःच्या नावाआधीचं एक अक्षर दिसणार नाही?) शेवटी ठरवलं की समोर जाऊन पाय धरायचे. प्लास्टरचा सोडून दुसरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी रजा टाकून गेलो. जुनी चार मजली इमारत, खाली औषधांचं दुकान, जिन्याच्या तोंडाशी पत्रपेट्या. पेट्या पाहिल्या आणि मनात पाप आलं. वाटलं, पाय मोडलेला माणूस खाली कशाला उतरेल, पत्र अजून आतच असेल. फटीतून दोन बोटं घातली. मग चार घातली. मग ती बाहेर येईनात. त्या अवस्थेत मागून आवाज आला, कोण पाहिजे. पाहतो तर ऐंशीच्या पुढच्या एक बाई, ताठ उभ्या, एका हातात भाजीची पिशवी. त्यांनी पिशवी खाली ठेवली, किल्लीनं पेटी उघडली, माझा हात मोकळा केला आणि म्हणाल्या, "डॉक्टरांकडे आला असाल ना? चला वर."

आत्या, त्या सरांच्या आई होत्या. तीन मजले चढेपर्यंत त्या बोलत होत्या आणि मी हूं हूं करत होतो. मुलगा फार संकोची; एवढी मोठी गोष्ट झाली आणि घरात बोलला नाही; लिफाफा आला म्हणून कळलं. सगळ्या इमारतीला त्यांनी सांगितलं होतं. खालच्या औषधवाल्यानं तर गैरसमजानं सरांकडे पेशंट पाठवायला सुरुवात केली होती. दुसऱ्या मजल्यावरची बाई बाळाच्या अंगावरचं पुरळ दाखवायला आली, सर गडबडून म्हणाले गार पाण्यानं पुसा, आणि पुरळ गेलं. तेव्हापासून रोज दोघे-तिघे येत होते.

सर खिडकीपाशी खाटेवर होते, पाय उशीवर. लिफाफा समोरच्या टेबलावर काचेखाली ठेवलेला, माझं अक्षर वर. आई चहा टाकायला आत गेल्या. सरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे नव्हे.

"हे अक्षर तुमचं?"

मी हो म्हणालो. म्हणजे तोंड उघडलं, आवाज आला की नाही ठाऊक नाही.

"चूक कबूल करायला आलात?"

मी मान हलवली. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "आता करू नका."

मग ते खूप वेळ बोलले, आणि मला तळघरच बरं वाटायला लागलं. एकोणीस वर्षांत आईनं एकदाही विचारलं नव्हतं की झालं का. वाऱ्यानं उडालेली प्रबंधाची पानं ती गोळा करून क्रमानं लावून ठेवायची, बस्स. आणि आता या चार दिवसांत ती जिना उतरून भाजीला जायला लागली होती, जी वर्षभर घराबाहेर पडली नव्हती. तिला कसं सांगायचं. तेव्हा पुढची सगळी पत्रं मी घरच्या पत्त्यावर आणि 'डॉ.' लावूनच पाठवावीत, अशी त्यांची विनंती होती. विभागप्रमुखाची विनंती, आत्या. एकदा लिहिलं ते चुकून लिहिलं. पुन्हा लिहिलं तर जाणूनबुजून, संस्थेच्या कागदावर, संचालकांची सही घेऊन. न लिहावं तर शेरा गेला, लिहावं तर एक दिवस पोलीस. आणि घाबरलो की मी काहीतरी बोलून बसतो हे तुला माहीत आहे. मी म्हणालो, "सर, त्यापेक्षा प्रबंध पूर्णच करून टाकू या ना."

आत चहाला उकळी आल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, संपलं. पण सरांनी कपाटाकडे बोट केलं. आत सहाशे बारा पानं होती, हातानं लिहिलेली. फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं. दरवर्षी ते लिहायला बसायचे आणि कुठल्यातरी भिंतीवर नवं काही सापडायचं, की पुन्हा थांबायचे. विद्यापीठानं शेवटची मुदत दिली होती, पुढच्या महिन्याच्या अखेरची. ती ते सोडूनच देणार होते. मी विचारलं, या पायानं आता कुठल्या भिंतीवर चढणार आहात? सर पहिल्यांदा हसले. म्हणजे मला तरी ते हसणं वाटलं.

त्यानंतर अकरा दिवस, संस्था सुटल्यावर, मी त्यांच्या खाटेशेजारी बसून ते सांगतील ते लिहून घेत होतो. मला अर्धं कळलं नाही. पण शेवटच्या दिवशी शेवटचं वाक्य सांगून त्यांनी चष्मा काढला, आणि बराच वेळ पुसत राहिले. काच स्वच्छच होती. मीही उगीच पानं मोजत बसलो.

निघताना मी दारात बूट घालत होतो, तेव्हा आई बाहेर आल्या. दार ओढून घेतलं. मला वाटलं काही खायला बांधून देतायत. तर त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "चूक आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तो झाला असता तर आधी मला सांगितलं असतं. म्हटलं, एकोणीस वर्षं गप्प बसून पाहिलं, आता बोलून पाहू."

मी एक बूट हातात घेऊन तसाच उभा. त्या पुढे म्हणाल्या की आता मुदतीच्या आत हे विद्यापीठात पोचलं पाहिजे, आणि मी जर मध्येच अंग काढून घेतलं तर त्या स्वतः संचालकांकडे जाऊन लिफाफा कुणी लिहिला आणि पत्रपेटीत हात कुणी घातला ते सांगतील. हे सगळं हसतमुखानं. मग खायलाही बांधून दिलं. ते मला अजून पचलेलं नाही.

तर असं आहे. बाकी विशेष काही नाही. प्रकृतीला जप.

तुझा भेदरलेला भाचा

ता. क. सरांचं अक्षर कुणाला लागत नाही. तीन टाईप करणाऱ्यांनी पहिलं पान पाहून परत दिलं. तू तीस वर्षं कोर्टात न्यायाधीशांच्या हातचं वाचून टाईप केलंस. सहाशे पन्नास पानं, सव्वीस दिवस, म्हणजे रोज पंचवीस. हे तुला विचारायचं होतं, पण विचारायच्या आधीच मी हो सांगून टाकलं आहे. त्या क्षणी सरांच्या आई माझ्याकडे पाहत होत्या.

ता. क. २. पानं टपालानं पाठवणार नाही. टपालावर त्यांचा विश्वास राहिलेला नाही. सरांच्या आई ती स्वतः घेऊन गुरुवारी अकराच्या गाडीनं तुझ्याकडे येत आहेत आणि शेवटचं पान होईपर्यंत तुझ्याकडेच राहणार आहेत. स्वभावानं फार गरीब आहेत. खिडकीजवळची जागा लागते.

ता. क. ३. त्यांना आजी म्हणू नकोस, मी एकदा म्हणून पाहिलं. काकूही चाललं नाही. काय म्हणायचं ते विचारायचा मला धीर झाला नाही. तुला कळलं तर उलट टपाली कळव.